गर्भाला हात न लावता त्याची क्वालिटी कळते का? लॅबमध्ये बसून दिलेलं सविस्तर उत्तर

पारोळ्याकडच्या एका ताईंनी विचारलंय. वय ३६, मिस्टर ३९. एक पिकअप झालं, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीजं काढली, तीन ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे वाढलेले गर्भ) बनले, त्यातला एक गर्भाशयात सोडला पण बीटा एचसीजी, म्हणजे प्रेग्नन्सीची रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह आली. दोन फ्रोझन आहेत, रिपोर्टवर ४ एबी आणि ३ बीसी लिहिलंय. आता सेंटरमधून सांगितलंय की नवीन पिकअप करा, त्यात टाइम-लॅप्स, एआय स्कोअर आणि गर्भ लॅबमध्ये ज्या पाण्यात वाढतो त्या पाण्याची जेनेटिक टेस्ट असं पॅकेज घ्या, म्हणजे गर्भाला सुई न लावता सगळं कळून जाईल. ताईंना विचारायचंय की हे खरंच कळतं का, आणि ठेवलेल्या दोन गर्भांचं काय करायचं, बीसीवाला फेकून द्यायचा का.

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे आयव्हीएफ लॅबमध्ये गर्भ सांभाळणारी, खान्देशातल्याच लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतेय, आणि ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडायच्या दिवशी टेबलवर झोपलेली प्रत्येक बाई एकच विचारते, "मॅडम, गर्भ चांगला शे ना?" त्यामुळे ह्या प्रश्नाचं वजन मला माहितीय.

आधी थोडक्यात सांगते, मग सविस्तर. गर्भाला हात न लावता जे काही आज आपण बघू शकतो, मग तो डोळ्यांनी बघितलेला ग्रेड असो, कॅमेरा असो, एआय असो की त्या पाण्याची टेस्ट, त्यातून एवढंच ठरतं की दोन-चार गर्भ असतील तर आधी कोणता सोडायचा. कोणता फेकायचा हे त्यावरून ठरवायला मी तरी तयार नाही, आणि ह्यातल्या एकाही गोष्टीने गर्भ आहे त्यापेक्षा चांगला होत नाही. ताई, तुमचे दोन्ही गर्भ सोडण्यालायक आहेत, नवीन पिकअपची घाई मला दिसत नाही.

आता ग्रेडचं समजून घ्या, कारण सगळी भीती तिथून सुरू होते. स्त्रीबीजात शुक्राणू सोडल्यानंतर १६ ते १८ तासांनी आम्ही बघतो, दोन प्रोन्यूक्लियस (एक आईकडचं आणि एक वडिलांकडचं केंद्रक) दिसले म्हणजे फर्टिलायझेशन नीट झालं. मग ४४ तासांच्या आसपास ४ पेशी, ६८ तासांच्या आसपास ८ पेशी, चौथ्या दिवशी मोरुला, म्हणजे पेशींचा घट्ट गोळा, आणि ११६ तासांच्या आसपास ब्लास्टोसिस्ट. हे टायमिंग २०११ च्या इस्तंबूल कन्सेन्ससमध्ये जगभरच्या लोकांनी बसून ठरवलं, म्हणजे सगळ्या लॅब एकाच वेळी बघतील आणि एकमेकांशी बोलता येईल. ब्लास्टोसिस्टचा जो ४ एबी सारखा ग्रेड असतो तो गार्डनर आणि स्कूलक्राफ्ट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीतला. आकडा सांगतो गर्भ किती फुगलाय, १ ते ६. ३ म्हणजे आतली पोकळी पूर्ण भरलीय, ४ म्हणजे फुगून बाहेरचं कवच पातळ झालंय, ५ ला तो कवचातून बाहेर पडायला लागलाय, ६ ला पूर्ण बाहेर. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या गठ्ठ्याचं, ज्यातून बाळ बनतं, आणि दुसरं अक्षर बाहेरच्या थराचं, ज्यातून पुढे वार बनते. ए सगळ्यात चांगलं, मग बी, मग सी.

तर तुमचा ३ बीसी म्हणजे काय, की बाळाच्या पेशी ठीकठाक आहेत, बाहेरच्या थरात पेशी थोड्या आणि मोठ्या मोठ्या आहेत. ४ एबी पेक्षा त्याचा चान्स कमी, हे खरं. पण शून्य नाही, आणि अशा गर्भातून जन्मलेली लेकरं शाळेत जातायत. आणखी एक भीती मी सारखी ऐकते ती इथेच काढून टाकते, की सी ग्रेडचं बाळ अशक्त होईल किंवा काही व्यंग निघेल. तसं नसतं. ग्रेड सांगतो लागण्याचा चान्स, बाळाची तब्येत नाही. एकदा प्रेग्नन्सी राहिली आणि पुढे टिकली की त्या बाळाला कोणी सी म्हणणार नाही.

अजून एक, ग्रेड देणारा माणूस असतो. एकच गर्भ दोन एम्ब्रियॉलॉजिस्टना दाखवला तर एक बीबी म्हणेल, दुसरा बीसी म्हणेल, आणि दोघंही अनुभवी असतील. शिवाय गर्भ जिवंत आहे, दोन तासांनी बघितला तर जास्त फुगलेला दिसेल. म्हणून रिपोर्टवरच्या एका अक्षरासाठी रात्रभर जागू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिसण्याचा आणि क्रोमोसोमचा (गुणसूत्रांचा) संबंध सैल आहे. दिसायला सुंदर ४ एए आतून क्रोमोसोमने बिघडलेला असू शकतो आणि ३ बीसी नॉर्मल असू शकतो. क्रोमोसोमचा बिघाड मुख्यतः बाईच्या वयावर जातो, पस्तिशीच्या आसपास साधारण तीनातला एक ब्लास्टोसिस्ट बिघडलेला असतो, चाळिशीत निम्म्याहून जास्त, ४३ च्या पुढे तर बहुतेक सगळे. यात तुमची चूक काही नसते ताई, काय खाल्लं, किती काम केलं, शेतात गेलात का, ह्याने हे होत नाही. स्त्रीबीजं आपल्या जन्माआधीपासून अंडाशयात असतात, तेवढी वर्षं थांबून शेवटच्या टप्प्यात क्रोमोसोम वाटताना गडबड होते, एवढंच.

टाइम-लॅप्स. हा इनक्युबेटरमध्येच, म्हणजे गर्भ वाढवायच्या पेटीतच बसवलेला कॅमेरा, दर काही मिनिटांनी फोटो काढतो आणि पाच दिवसांचा पिक्चर तयार होतो. मला व्यक्तिशः हे यंत्र आवडतं, कारण आम्ही दिवसातून एकदा बघतो तेव्हा जे सुटतं ते त्यात दिसतं. उदाहरणार्थ एका पेशीतून दोन व्हायच्या ऐवजी एकदम तीन झाल्या, तर तो गर्भ तिसऱ्या दिवशी मोजला की छान वाटतो पण त्याचा चान्स कमी असतो, आणि हे कॅमेऱ्याशिवाय कळणारच नाही. दुसरा फायदा असा की गर्भ बघायला बाहेर काढावा लागत नाही. पण ह्याने मुलं जास्त होतात का? २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये मोठी ट्रायल आली, ब्रिटन आणि हाँगकाँगच्या ७ सेंटरमध्ये १,५७५ जणी, तीन गट केले. टाइम-लॅप्स वापरून निवडलेल्यांत ३३.७ टक्के बायकांना मूल झालं, नुसतं त्याच बंद इनक्युबेटरमध्ये ठेवून निवड नेहमीसारखी केली त्यांत ३६.६ टक्के, आणि साध्या पद्धतीत ३३.० टक्के. म्हणजे फरक म्हणण्यासारखा नाहीच. तर सेंटरकडे यंत्र आहे आणि सगळ्यांनाच त्यात ठेवतात, छान, ठेवू द्या, आमच्यासारख्यांचं काम सोपं होतं. वेगळे पैसे मागून चान्स वाढेल असं सांगत असतील तर नाही म्हणा.

एआयचं पण तसंच, थोडक्यात सांगते. हजारो गर्भांचे फोटो आणि व्हिडिओ, कोणता लागला कोणता नाही, हे शिकवून कॉम्प्युटर स्कोअर देतो. २०२४ मध्येच नेचर मेडिसिनमध्ये १,०६६ पेशंटची ट्रायल आली, एआयने निवडलेल्या गटात क्लिनिकल प्रेग्नन्सी, म्हणजे सोनोग्राफीत दिसलेली, ४६.५ टक्के आणि माणसाने निवडलेल्यात ४८.२. एआय वाईट नाही, वेळ खूप वाचतो, थकलेल्या माणसासारखी त्याची नजर बदलत नाही. पण माणसापेक्षा चांगला आहे हेही सिद्ध झालं नाही. तुमच्याकडे दोनच गर्भ आहेत आणि त्यात कोणता आधी हे मला स्कोअरशिवाय सांगता येतं, ४ एबी.

आता पाण्याची टेस्ट, कारण खरा खर्च आणि खरा गोंधळ इथे आहे. पहिलं म्हणजे पोटातल्या बाळाच्या गर्भजल तपासणीशी ह्याचा काही संबंध नाही. लॅबमध्ये गर्भ ज्या थेंबात वाढतो तो मिडिया, त्यावर तेलाचा थर असतो. वाढताना गर्भातून थोडा डीएनए त्या थेंबात सुटतो. गर्भ उचलून घेतला की तो थेंब आम्ही पूर्वी फेकून द्यायचो. आता तोच काही मायक्रोलिटरचा थेंब ट्यूबमध्ये घेऊन जेनेटिक लॅबला पाठवायचा, डीएनए वाढवायचा आणि क्रोमोसोम मोजायचे, अशी ही आयडिया. गर्भाला काहीच केलं जात नाही. कल्पना खरोखर सुंदर आहे, आणि एक दिवस हीच पद्धत रुळेल असं मला मनापासून वाटतं.

ह्याच्या समोर आहे बायोप्सी. पाचव्या-सहाव्या दिवशी लेझरने कवचाला भोक पाडून बाहेरच्या थरातल्या ५ ते १० पेशी काढतात, बाळाच्या गठ्ठ्याला हात लावत नाहीत, गर्भ फ्रीज करतात आणि पेशी तपासतात. चांगल्या हाताने केली तर गर्भ सहसा सोसतो, पण हात लागतोच, आणि ज्याच्या बाहेरच्या थरात आधीच पेशी कमी आहेत, म्हणजे सी ग्रेड, त्याला ते जास्त जड जातं. दुसरी अडचण, शितावरून भाताची परीक्षा करतो तसं हे आहे, पण गर्भाची हांडी सगळीकडे सारखी शिजलेली नसते, काही पेशी नॉर्मल आणि काही बिघडलेल्या असा मिश्र गर्भ असू शकतो, त्याला मोझेक म्हणतात. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवलं की मोझेक रिपोर्ट आलेल्या गर्भांतूनही निरोगी बाळं जन्माला आली, त्याआधी असे गर्भ सरळ फेकले जायचे. हे वाचल्यावर मी फेकण्याच्या बाबतीत फार सावध झाले.

मग पाण्याची टेस्ट बायोप्सीपेक्षा बरी का? तर तिच्या स्वतःच्या अडचणी आहेत. थेंबात गर्भाचाच डीएनए असेल ह्याची गॅरंटी नाही. स्त्रीबीजाभोवती आईच्या पेशींचं आवरण असतं, ते नीट काढलं नाही तर आईचा डीएनए थेंबात येतो आणि रिपोर्ट नॉर्मल बाईचा येतो, गर्भाचा नाही. शुक्राणूंचा डीएनए येऊ नये म्हणून इक्सीच, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडण्याची पद्धत, करावी लागते. मिडियात जे प्रोटीन घालतात ते माणसाच्या रक्तातून काढलेलं असतं, त्यातूनही थोडा डीएनए येतो. म्हणून चौथ्या दिवशी गर्भ धुऊन ताज्या थेंबात ठेवायचा, आणि त्या थेंबात तो पुरेसा वेळ राहिला पाहिजे. २०२० मध्ये अनेक देशांतल्या सेंटरनी मिळून केलेल्या अभ्यासात १,१०८ गर्भांमध्ये पाण्याचा आणि बायोप्सीचा रिपोर्ट ७८ टक्के वेळा जुळला, आणि तेही गर्भ ताज्या थेंबात निदान ४० तास, म्हणजे सहाव्या दिवसापर्यंत ठेवून. म्हणजे दर शंभरात बावीस ठिकाणी दोन टेस्ट वेगळं बोलत होत्या. शिवाय टेस्टच्या सोयीसाठी पाचव्या दिवशी तयार झालेला गर्भ सहाव्या दिवसापर्यंत लॅबमध्ये ठेवायचा, हे मला पटत नाही. वंध्यत्व उपचारातल्या तज्ज्ञांच्या युरोपमधल्या ईश्रे संस्थेने २०२३ मध्ये अशा जास्तीच्या टेस्टवर शिफारशी दिल्या त्यातही हिला नेहमीच्या उपचारात अजून वापरू नका असंच म्हटलंय.

आणि ताई, तुमच्या दोन फ्रोझन गर्भांवर तर ही टेस्ट आता होऊच शकत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं का? त्यांचा थेंब त्याच दिवशी गेला. करायची म्हटली तर गर्भ वितळवायचे, पुन्हा तासन्‌तास वाढवायचे, थेंब घ्यायचा, पुन्हा फ्रीज करायचे, रिपोर्ट आल्यावर पुन्हा वितळवायचे. हात न लावण्याच्या नावाखाली एवढा त्रास गर्भाला द्यायचा, ह्याला अर्थ नाही. म्हणून तर नवीन पिकअप सुचवलं असेल. पण विचार करा, दोन गर्भ हातात असताना पुन्हा पंधरा दिवस इंजेक्शनं, पुन्हा भूल, पुन्हा खर्च, कशासाठी?

टेस्ट केल्याने गर्भ वाढत नाहीत, हा साधा हिशोब बऱ्याच जणांना कोणी समजावतच नाही. तुमच्याकडे दोन असतील तर दोन्ही एकेक करून सोडले की जो लागायचा तो लागतोच, टेस्टने फक्त क्रम बदलेल किंवा चुकून एक चांगला बाद होईल. २०२१ मध्ये चीनमधल्या १,२१२ बायकांच्या ट्रायलमध्ये, वय २० ते ३७ आणि निदान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट असलेल्या, बायोप्सीवाल्या गटात शेवटी ७७.२ टक्के आणि न टेस्ट केलेल्या गटात ८१.८ टक्के बायकांना मूल झालं. वय ४० च्या पुढे असेल, सारखे गर्भपात झाले असतील, पाच-सहा गर्भ असतील आणि वेळ वाचवायचा असेल, तर बायोप्सीचा विचार वेगळा होतो, तिथे मी स्वतः चर्चा करा म्हणते. आणि नॉर्मल रिपोर्टचा गर्भही दर वेळी लागतो असं नाही, तीनातला एक तरी लागत नाही.

एका बाबतीत मात्र हात लावावाच लागतो, आणि आपल्या भागात हे नीट बोललं पाहिजे. नंदुरबार, सातपुड्याकडे, भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल ह्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं प्रमाण मोठं आहे. नवरा-बायको दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक प्रेग्नन्सीत २५ टक्के शक्यता बाळाला आजार होण्याची. सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचं असंच बघावं लागतं. अशा जोडप्यांना गर्भाची एका ठराविक जीनसाठी टेस्ट उपयोगी पडते आणि ती बायोप्सी करूनच करावी, थेंबावर भरवसा ठेवू नये. एचपीएलसी नावाची साधी रक्ताची टेस्ट आहे, आयव्हीएफ सुरू करायच्या आधी दोघांनी करून घ्या, पॅकेजमधल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ती स्वस्त आणि जास्त कामाची. २०२१ च्या एआरटी कायद्यानेही (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) गर्भाची जेनेटिक टेस्ट आनुवंशिक आजार शोधण्यासाठीच ठेवलीय. आणि घरचे विचारतात म्हणून सांगते, क्रोमोसोम मोजताना लॅबला मुलगा-मुलगी दिसतं, पण ते सांगणं आणि त्यावरून निवडणं गुन्हा आहे, गर्भ पोटात जायच्या आधीसुद्धा, २००३ पासून कायद्यात स्पष्ट आहे. कोणी आडून सुचवलं तरी त्या सेंटरमधून उठून या.

मग पैसे टाकायचे असतील तर कशावर टाकायचे, असं विचाराल तर मी म्हणेन, लॅबवर. गर्भाला ३७ अंश तापमान, ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड, ५ टक्के ऑक्सिजन आणि स्वच्छ हवा लागते, सतत, रात्री तीन वाजता पण. बाहेर जळगाव-भुसावळला ४५ च्या वर पारा जातो, लाइट जाते, व्होल्टेज वरखाली होतं. म्हणून सेंटरला हे विचारा, की इनक्युबेटरला यूपीएस आणि जनरेटर दोन्ही आहेत का, रात्री अलार्म कोणाच्या फोनवर येतो, डे थ्रीच्या गर्भांपैकी किती डे फाइव्हपर्यंत जातात, वितळवल्यावर किती जगतात. चांगल्या लॅबमध्ये ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर ९० टक्क्यांच्या वर जगतात. उत्तर द्यायला कोणी चिडत असेल तर ते पण एक उत्तरच आहे. पिकअप आणि ट्रान्सफरला येताना अत्तर, गजरा, स्प्रे, वासाचं तेल लावून येऊ नका, तो वास लॅबच्या हवेत जातो आणि गर्भाला चालत नाही, ह्याला एक रुपया लागत नाही.

हात न लावता मिळणारी अजून एक खूण आहे, तिचं बिल कोणी लावत नाही. गर्भ फ्रीज करताना आकसतो आणि वितळवल्यावर दोन-चार तासांत परत फुगायला लागतो. जो पटकन फुगतो त्याचा चान्स चांगला. ट्रान्सफरच्या दिवशी एम्ब्रियॉलॉजिस्टला विचारा, किती फुगला, फोटो दाखवा. दाखवतात.

तुमच्यासाठी मी काय केलं असतं ते सांगते. आधी ४ एबी एकटाच सोडायचा. दोन्ही एकदम नाही, जुळ्यांचा त्रास आईलाही आणि बाळांनाही होतो. त्याआधी थायरॉइड, शुगर, गर्भाशयाच्या पोकळीची तपासणी, मागच्या वेळी गर्भाशयाचं अस्तर किती मिलिमीटर होतं, ट्यूबमध्ये पाणी आहे का, पूर्वी टीबी झाला होता का, हे सगळं डॉक्टरांकडून बघून घ्यायचं, कारण एक ट्रान्सफर फेल गेला की सगळे गर्भालाच दोष देतात. तुम्ही लिहिलंय की आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) माहेरून आल्यावर करू, तर करा, गर्भ उणे १९६ अंशावर आहे, दोन महिन्यांनी त्याला काही होत नाही, कायद्याने दहा वर्षं ठेवता येतो. तो नाही लागला तर ३ बीसी. तोही नाही लागला तरच नवीन पिकअपचं बोलू, आणि तेव्हाही टाइम-लॅप्स फुकट असेल तर हो, पाण्याची टेस्ट नको.

एक काम मात्र लगेच करा, सेंटरकडून तुमचा पूर्ण एम्ब्रियो रेकॉर्ड मागून घ्या, किती बीजं मिळाली, त्यातली पिकलेली किती, फर्टिलाइज किती झाली, दोन्ही गर्भ पाचव्या दिवशी फ्रीज केले की सहाव्या, आणि जो सोडला त्याचा ग्रेड काय होता. तो कागद तुमच्या हक्काचा आहे. सोडलेला गर्भ सहाव्या दिवसाचा असेल आणि हे दोन पाचव्या दिवसाचे, तर माझं उत्तर अजून थोडं आशेकडे सरकेल, कारण पाचव्याच दिवशी तयार झालेल्या गर्भाचा चान्स सहसा जरा जास्त असतो.